ओलेटाच्या पणजीची गोधडी

आमच्या ओलेटाला शर्टाचं बटण लावता येत नाही. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलते, लग्न होऊन आली तेव्हापासून. ती माझ्या भावाची, हर्शेलची बायको. डेटन शहरातल्या पेट्रोल पंपवाल्याची ही मुलगी लाल उंच टाचांच्या चपला घालून आमच्या तंबाखूच्या शेतातल्या चिखलात उतरली, तेव्हा आमच्या आईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, "सुई धरता येते का?" ओलेटा म्हणाली, "टायपिंग येतं." झालं. तिथून पुढं आईनं तिला माणसांत धरलंच नाही.

आईच्या घरात माणसं कमी आणि गोधड्या जास्त. पलंगांवर गोधड्या, पेट्यांत गोधड्या, कुत्र्याच्या अंगाखालीसुद्धा गोधडी, आणि तीही बक्षीस मिळालेली. कुणी पाव्हणं आलं की आई एकेक उलगडून दाखवायची. "ही मी केली. ही माझ्या आईनं. ही नेल्डानं." नेल्डा म्हणजे मी. मग ओलेटा कॉफी घेऊन आली की म्हणायची, "आणि ही कॉफी चांगली करते." ते देखील खोटंच. ओलेटाची कॉफी म्हणजे कप विसळलेलं पाणी.

ओलेटा हसून ट्रे ठेवायची आणि आत जायची. मला तेव्हा वाटायचं, बाई निर्लज्ज आहे, हिला काही लागतच नाही. आईच्या पश्चात घर आणि कोठार हर्शेलकडे गेलं, आणि आईची कापडाच्या तुकड्यांची पेटी माझ्याकडे आली. वाटणी मला मान्य होती. फक्त कोठाराचं जरा मनात राहिलं. ते आमच्या आजोबांनी बांधलेलं, काळ्या लाकडाचं, भर हमरस्त्यावर. माझ्या नवऱ्यानं आमचं लाकडी कोठार पाडून पत्र्याची शेड उभी केली होती. गळत नाही, पडत नाही, आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

एरवी मला त्याचं काही वाटलं नसतं. पण मग ग्वेन फालर आली. ही कोलंबस शहरातली निवृत्त मास्तरीण. तिनं इथं टेकडीवर घर घेतलं आणि वर्षाच्या आत आमचं तिला सगळं कळलं, आम्हालाही माहीत नव्हतं इतकं. तिनं कमिटी काढली. प्लायवूडच्या मोठ्या फळीवर गोधडीतला एक चौकोन रंगवायचा, चांगला खोलीच्या भिंतीएवढा, आणि कोठाराच्या दर्शनी बाजूला उंच ठोकायचा. शेजारच्या तालुक्यांत असं कधीच सुरू झालं होतं. लोक शहरांतून मोटारी काढून फळ्या बघत हिंडायचे आणि मधे थांबून 'पाय' खायचे, फळांचं सारण भरून भट्टीत भाजलेला. आमचा 'पाय' त्यांच्यापेक्षा चांगला आहे, तेव्हा आम्ही तरी का मागं राहायचं.

ग्वेनचे नियम दोन. कोठार लाकडी हवं. आणि नक्षी घराण्यातल्याच गोधडीची हवी, तिच्या गोष्टीसकट. "गोष्ट नाही तर फळी नाही," असं ती अग्निशमन केंद्रातल्या सभेत म्हणाली. सगळी सभा माझ्याकडे बघून हसली, कारण आमच्या कोठारावर आईच्या गोधडीवरची 'उडती बदकं' ही नक्षी चढणार यात कुणाला शंका नव्हती. मी मनातल्या मनात रंगसुद्धा ठरवून ठेवले होते.

"हर्शेल, तुमच्याकडची कुठली?" ग्वेननं विचारलं.

हर्शेल छताकडं बघत बसला. आठवड्याला चार शब्द बोलणारा माणूस, त्यातले दोन गाईंशी. उत्तर ओलेटानं दिलं. "माझ्या पणजीची एक आहे. अस्वलाचा पंजा."

अस्वलाचा पंजा तिच्या स्वयंपाकघरात होता खरा, पण भिंतीवर. पेंडीच्या दुकानानं फुकट वाटलेल्या कॅलेंडरचं मार्चचं पान होतं ते.

"पणजीचं नाव काय?" ग्वेननं वही उघडली.

"केझिया," ओलेटा म्हणाली, एकदाही न अडखळता. "ओहायो नदी ओलांडून आली. बर्फात. तान्हं मूल त्या गोधडीत गुंडाळलेलं."

ग्वेनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आता, ओलेटाची पणजी सिनसिनाटीला खाणावळ चालवायची आणि घोंगड्या डझनानं विकत आणायची, हे ओलेटाच्या बापानंच हिच्या लग्नात हसत हसत माझ्या वडिलांना सांगितलं होतं. मी उठणार एवढ्यात हर्शेलनं माझ्याकडं पाहिलं. बाहेर ट्रकपाशी मी त्याला गाठलं.

"ते कोठार आपल्या आजोबांचं आहे," मी म्हटलं. "त्यावर कॅलेंडर टांगणार तू?"

"राहू दे, नेल्डा," तो म्हणाला. "त्या घरात एक तरी गोष्ट तिची असू दे."

मला इतका राग आला की मी त्यांच्याकडं महिनाभर गेले नाही. पण बोललेही नाही. भावानं एका दमात इतके शब्द खर्च केले, त्याचा मान ठेवावा लागला.

फळी कमिटीच्या बायकांनीच रंगवली, अग्निशमन केंद्रात जमिनीवर पसरून, चिकटपट्ट्या लावून. अस्वलाच्या पंजात चार पंजे असतात, प्रत्येक पंजाला चार नखं, नख म्हणजे एक त्रिकोण. वीज कंपनीची शिडीची गाडी आली, दोन माणसांनी फळी वर नेली, बोल्ट आवळले. आम्ही सगळे रस्त्यापलीकडं उभे राहून टाळ्या वाजवत होतो. मग टाळ्या हळूहळू थांबल्या. खालच्या डाव्या पंजाचं एक नख उलटं होतं. बाकीची पंधरा बाहेर बघत होती आणि ते एकटं आत. चिकटपट्टी तिथं ग्वेननं स्वतः लावलेली.

ग्वेनचा चेहरा पांढराफटक पडला. वर्तमानपत्राचा फोटोवाला शेजारीच उभा. आणि मग ओलेटा शांतपणे म्हणाली, "अगदी तसंच आहे. मूळच्यात पण ते नख उलटंच आहे. केझियानं मुद्दाम केलं होतं. देवासमोर माणसानं अगदी बिनचूक असू नये म्हणून."

ग्वेननं तिला मिठी मारली. त्या दिवसापासून ग्वेनचा केझियावर जितका विश्वास बसला तितका पाद्रीबाबांचा देवावर नसेल. का बसू नये? केझिया असली तर ती चूक म्हणजे भक्ती. केझिया नसली तर ती चूक ग्वेनची. मी जन्मभर गोधड्या शिवतेय, मला मुद्दाम चूक करायची वेळ कधी आली नाही. त्या न बोलावता येतात.

पुढची दहा वर्षं केझियानं आमचा जीव खाल्ला. रस्त्याच्या कडेला तिच्या नावाची पाटी लागली. बसगाड्या यायला लागल्या. ओलेटा कमिटीनं शिवून दिलेला निळा झगा घालून कोठारासमोर उभी राहायची आणि दर बसगणिक केझियाच्या नशिबी काहीतरी नवीन यायचं. एका उन्हाळ्यात तिला लांडगा भेटला, पुढच्यात हिवताप झाला, एकदा तर जुळं झालं आणि पुढच्या बसला परत एकच मूल उरलं. लोक उलट्या नखाचे फोटो काढायचे. मूळ गोधडी कुठंय असं कुणी विचारलं की ओलेटा म्हणायची, "पेटीत आहे. फार नाजूक झालीय, उजेड सोसत नाही." मी त्या गर्दीच्या कडेला उभी असले की ती माझ्याकडं बघायची नाही.

आणि माझ्या आईची बदकं माझ्या पलंगावर. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. आई कशीही असो, तिचे टाके खरे होते.

मग तालुक्याच्या संग्रहालयानं फळ्यांच्या दशकपूर्तीचं प्रदर्शन काढलं. प्रत्येक फळीच्या फोटोखाली तिची मूळ गोधडी काचेत लावायची. ग्वेननं चर्चमध्ये, प्रार्थना संपल्या संपल्या, सगळ्यांदेखत जाहीर केलं की केझियाची गोधडी मधोमध लागणार, तिला उजेड लागू न देणारी खास काच बसवणार. सगळे ओलेटाकडं वळले. ओलेटा हसली. मी तिच्या मागच्या बाकावर होते, मला तिचे कान दिसत होते. कान रक्तासारखे लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या दारात उभी. हातात भोपळ्याचा 'पाय', तोही दुकानातला.

"तू मला एक गोधडी शिवून दे," ती म्हणाली. "जुनी दिसेल अशी. वसंत ऋतूपर्यंत."

खरं सांगते, हा क्षण मी दहा वर्षं मनात घोळवत होते. तिला सगळ्यांसमोर तोंडघशी पडताना बघायचं. आता ती आपण होऊन माझ्या पायरीवर आली होती, आणि मला काडीचा आनंद होईना. याचा मला जास्त राग आला.

"मी नाही शिवणार," मी म्हटलं. "शिवायची असेल तर तू शीव. पणजी तुझी आहे."

"मला येत नाही."

"तिला तरी कुठं येत होतं? ती होती कुठं?"

ओलेटा पायरीवर मटकन बसली. "नेल्डा, मला चर्च सोडावं लागेल," ती म्हणाली. "हर्शेलला पेंडीच्या दुकानात तोंड दाखवता येणार नाही. सगळा गाव म्हणेल, हिच्या सासूचंच खरं होतं."

त्या शेवटच्या वाक्यावर मी दार पूर्ण उघडलं. मी तिला आत घेतलं आणि आईची पेटी उघडली.

तो सगळा हिवाळा ती माझ्या स्वयंपाकघरात होती. लोकांना सांगितलं, आम्ही दोघी मिळून जाम करतो. आईच्या पेटीतल्या लाल आणि तपकिरी चिंध्या तिनं कापल्या, तिरक्या. मी उसवल्या, तिनं परत कापल्या, परत तिरक्या. तिच्या बोटांना इतकी भोकं पडली की मी म्हटलं, "अंगुस्तान घाल, नाहीतर अस्वलाला माणसाचं रक्त लागेल." तिचा धावदोरा म्हणजे कोंबडी चिखलातून चालत गेल्यासारखा. एक टाका गव्हाएवढा, पुढचा मक्याएवढा.

"हा टाका आहे की कुंपण?" मी विचारायची.

"तुझ्या आईसारखी बोलू नकोस."

"माझी आई इतकं सौम्य बोलली असती का?"

एकदा ती खदखदून हसली आणि एकदा रडली, सुई भिंतीवर फेकून. ती सुई मला अजून सापडलेली नाही. पण दुसऱ्या दिवशी परत हजर. फळीवरचं उलटं नख तिला मुद्दाम उलटं शिवायचं होतं, ते तिनं नेमकं सुलटं शिवलं, आणि दुसऱ्याच पंजांतली तीन उलटी झाली. मग ठरलेलंही उलटं केलं. एकूण चार.

बर्फ वितळायला लागलं तसं तिचं काहीतरी बदललं. ती माझ्याआधी येऊन बसायला लागली, म्हणजे माझ्याच घरात, मी उठायच्या आधी. कॉफी तीच करायची, तशीच पाणचट, आणि मी पीत होते. शिवताना तिच्या जिभेचं टोक ओठांवर यायचं. शेवटची कड दुमडून झाली तेव्हा तिनं गोधडी टेबलावर पसरली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून उभी राहिली. कोपरे एकमेकांशी बोलत नव्हते. एक बाजू दुसरीपेक्षा वीतभर लांब होती.

"आता चहाच्या पाण्यात भिजवू," मी म्हटलं. "मग उन्हात टाकू. शंभर वर्षं वाढतील."

"नाही भिजवणार," ओलेटा म्हणाली.

"म्हणजे?"

"मी केलीय ती." इतकंच म्हणाली आणि गोधडीवरचा धागा चिमटीनं उचलत राहिली. "मी सांगणार आहे."

मी तिला समजावलं. होय, मी, जिनं दहा वर्षं तिचं खोटं उघडं पडायची वाट बघितली, तिला खोट्याला चिकटून राहायला सांगत होते. तिनं ऐकलं नाही. आमच्या घरात एकदा शिरलं की अशी डोकी तयार होतात.

प्रदर्शनाच्या दिवशी संग्रहालयात पाय ठेवायला जागा नव्हती. जुन्या शाळेची इमारत ती. मधोमध काचेत ओलेटाची गोधडी, खाली पितळी पट्टी, 'केझिया, ओहायो खोऱ्यातील आद्य रहिवासी.' ग्वेन भाषण करत होती. "हे टाके पाहा. कंदिलाच्या उजेडात, थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी घातलेले. एकही सारखा नाही. आणि नखं पाहा. आपण समजत होतो एकच उलटं आहे. चार आहेत. केवढी नम्रता. आणि कापड जणू कालचं वाटतं, इतकं या घराण्यानं ते जपलं."

ओलेटा पुढं गेली. तिनं ध्वनिवर्धक हातात घेतला आणि म्हणाली, "केझिया नव्हती. मी सगळं रचलं होतं. ही गोधडी मी केली, या हिवाळ्यात. मला माफ करा."

हर्शेलनं टोपी काढून हातात घेतली होती. आणि मग ग्वेननं पुढं होऊन ओलेटाचे दोन्ही हात धरले.

"बघितलंत?" ती लोकांना म्हणाली. "त्या घराण्याचं रक्त. आजही स्वतःच्या पणजीचा मोठेपणा मिरवायची हिला लाज वाटते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकजण तर उभा राहिला.

"अहो, मी खरं सांगतेय," ओलेटा म्हणाली. "ही बोटं बघा."

ग्वेननं बोटं बघितली, त्यांच्यावर थोपटलं आणि म्हणाली, "जाम करताना किती कष्ट पडतात तुम्हाला."

तेव्हा मी उठले. मी सांगितलं, "ग्वेन, ती खरं बोलतेय. माझ्या स्वयंपाकघरात शिवलीय, माझ्यासमोर. कापड माझ्या आईचं आहे."

सगळ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला कळलं, आपलं काय झालं. मागच्या रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, हळू म्हणण्याचा प्रयत्नही न करता, "नेल्डाच्या पोटात अजून दुखतंच आहे. आईची बदकं लागली नाहीत ना."

परतताना ट्रकमध्ये आम्ही तिघं एका बाकावर. हर्शेल गाडी चालवत होता. कोठार मागं गेलं तरी ओलेटानं मान वळवली नाही. मी म्हटलं, "सुटलीस तू. चर्च नको सोडायला, काही नको."

"मी पहिल्यांदा काहीतरी केलं," ती म्हणाली, "आणि ते केझियानं नेलं." आणि ती रडायला लागली, आईच्या हयातीत कधी रडली नव्हती तशी. दहा वर्षं खोटं बोलली तर तिला झगा शिवून दिला लोकांनी. आता खरं बोलली तर तिचे हात तिचे नाहीत म्हणाले. मला तिच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण आम्ही दोघी मिठ्या मारणाऱ्यांतल्या नाही.

दोन दिवसांनी ती परत आली, हात हलवत. "कापड उरलंय का?" एवढंच विचारलं.

या खेपेला लहान केली, पाळण्यातल्या बाळाला पुरेल एवढी. तोच पंजा, तेच टाके, जरा बारीक झाले असतील तर गव्हावरून बार्लीवर आले असतील, मक्याचे मक्याएवढेच. मी काही उसवलं नाही. ऑगस्टात तालुक्याच्या जत्रेत हस्तकलेच्या मांडवात ती तिनं स्वतः नेऊन दिली, नवशिक्यांच्या विभागात, वय वर्षं चौऱ्याहत्तर. परीक्षक बाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या, इथल्या कुणाला ओळखत नव्हत्या. त्यांनी केझियाचं नाव ऐकलेलं नव्हतं.

निकालाच्या सकाळी आम्ही गेलो. माझ्या गोधडीला पहिल्या बक्षिसाची निळी फीत होती, दरवर्षीसारखी. ओलेटाच्या गोधडीला फीत नव्हती. पिवळी नाही, पांढरीही नाही. तिला टाचणीनं एक कार्ड टोचलं होतं, वर 'ओलेटा रस्क' असं छापलेलं आणि खाली परीक्षक बाईंचं ठसठशीत अक्षर. मी आधी वाचलं आणि मनात म्हटलं, हे हिला दाखवू नये. तेवढ्यात ती माझ्या खांद्यावरून वाकली.

कार्डावर होतं: "टाके फार असमान. कोपरे जुळत नाहीत. दोन नखं उलट्या दिशेला आहेत, ही निष्काळजी चूक आहे. ही गोधडी करणाऱ्या बाईंनी पुष्कळ सराव करावा."

ओलेटानं चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग मांडवाच्या दारात मक्याचं कणीस खात उभ्या असलेल्या हर्शेलला हाक मारली. तो आला, कणीस हातात तसंच.

"मोठ्यानं वाच," ती त्याला म्हणाली.

हर्शेलनं सगळं वाचलं, एकेक शब्द, आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले तरी. शेवटच्या ओळीवर आला तसं ओलेटानं त्याला थांबवलं, त्या ओळीवर भोकं पडलेलं बोट ठेवलं आणि माझ्याकडं वळली.

"नेल्डा," ती म्हणाली, "हे माझ्याबद्दल आहे."